मुआरमधलं मलय लग्न, एडिट अपडेट: यावेळी कट आवाजावर

मंडळी, मुआरच्या लग्नाची फिल्म रफ कटच्या (पहिल्या कच्च्या जुळणीच्या) पुढे सरकलीये. निकाह आणि बर्सांदिंग (वरवधूला सजवलेल्या आसनावर बसवायचा सोहळा) हे दोन्ही मोठे सिक्वेन्स लॉक झालेत, म्हणजे आता बदलणार नाहीत, साउंड मिक्स अर्ध्यावर आहे आणि ग्रेडिंगला, म्हणजे रंग सुधारायला, हात घातलाय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, मी क्वालालंपूरला नोकरी करतो, शूटिंग हा छंद, आणि ऑफिसमधल्या मित्राच्या बहिणीचं लग्न जोहोर राज्यात मुआरजवळच्या त्यांच्या गावी होतं. घरच्यांनी सगळीकडे कॅमेरा न्यायची मोकळीक दिली, फक्त एकच गोष्ट सांगितली की नवरीच्या खोलीत डोक्यावर तुडुंग (केस झाकणारा रुमाल) बांधून झाल्यावरच शूट करायचं, आणि घरातल्या इतर बायकांच्या बाबतीतही तेच. तो नियम मी एडिटमध्येही पाळतोय, मागे आरशात कोणी तशी दिसली तरी ती फ्रेम बाद.

आता मुख्य मुद्दा. लग्नाची सिनेमॅटिक फिल्म म्हटलं की आपण सगळे स्लो मोशन आणि वर एक पियानो ट्रॅक यावर जातो. मलय लग्नात ते चालत नाही असं माझं ठाम मत झालंय, कारण तिथला सगळा जीव आवाजात आहे आणि तो आवाज खऱ्या वेगातच ऐकावा लागतो.

निकाहचंच घ्या. मशिदीत नवरा उशीवर बसलेला, समोर नवरीचे वडील, बाजूला जुरुनिकाह (लग्न लावणारे अधिकारी) आणि दोन साक्षीदार. इथे वडिलांनी स्वतःच निकाह लावला, बऱ्याच ठिकाणी ते काम जुरुनिकाहकडे सोपवतात. वडील नवऱ्याचा हात हातात घेतात, एक वाक्य म्हणतात आणि शेवटच्या शब्दाला हाताला हलकासा हिसका देतात, तोच इशारा, त्यावर नवऱ्याने न अडखळता लगेच उत्तर द्यायचं, “आकु तेरिमा निकाहन्या” (मी हा निकाह स्वीकारतो), मग नवरीचं नाव, मग “देंगान मास काहविन्या दुआ पुलुह दुआ रिंगित लिमा पुलुह सेन तुनाई”. म्हणजे साडेबावीस रिंगिट मेहेर, रोख, ही जोहोरची ठरलेली रक्कम. साक्षीदार “साह” (वैध) म्हणाले की लग्न लागलं. अख्खा प्रकार काही सेकंदांचा आणि त्यात श्वास घ्यायलाही जागा नाही, तिथे कुठला स्लो मोशन टाकणार!

म्हणून हा भाग पूर्ण रिअल टाइम ठेवलाय, म्युझिक शून्य. ८५ एमएमच्या लेन्सवर दोघांच्या हातांचा क्लोजअप आहे, वडिलांचा अंगठा नवऱ्याच्या हातावर घट्ट रुतलेला, नखाजवळची कातडी पांढरी पडलीये, आणि हिसका बसतो तेव्हा नवऱ्याचं मनगट बाहीसकट थरथरतं. वाक्य संपेपर्यंत कट नाही. “साह” हा शब्द मात्र नवरीच्या चेहऱ्यावर ऐकू येतो, ती थोडी दूर आईशेजारी बसलेली. ऑडिओ नवऱ्याच्या लॅव्ह माइकचा (कपड्याला लावायचा छोटा माइक). जोहोरचा बाजू मलायू (पुरुषांचा पारंपरिक सदरा) हा तलुक बलांगा पद्धतीचा असतो, कॉलर नाही, गळ्याशी एकच बटण, त्यामुळे क्लिप लावायला पट्टीच मिळत नाही. मी माइक आतून छातीच्या मधोमध मेडिकल टेपने चिकटवला, वायरचा एक छोटा लूप टेपखाली दाबला म्हणजे कापड घासल्याचा आवाज वर चढत नाही. ज्यांना कुर्त्यावर माइक लावायचा असतो त्यांनी हे करून बघा, फार स्वच्छ आवाज येतो.

दुसरा आवाज म्हणजे कोम्पांग, हे तालवाद्य. आपल्या डफासारखंच दिसतं, लाकडी कडं, एका बाजूला बकऱ्याचं कातडं, आणि कातडं ढिलं पडलं तर कडं आणि कातड्याच्या मधे वेताची पट्टी सारून ताणतात. एका हाताने धरायचं, दुसऱ्याने वाजवायचं, मुख्य बोल दोन, बुम आणि पाक. पण एकटा माणूस पूर्ण ताल वाजवतच नाही, दोन-तीन गट वेगवेगळे ठोके धरतात आणि ते एकमेकांच्या मोकळ्या जागा भरतात तेव्हा कुठे तो पळता ताल तयार होतो. नवरदेवाची वरात येते तेव्हा पुढे बुंगा मांगार, म्हणजे नारळाच्या हिरांना चमकीचे कागद गुंडाळून केलेले झुबके उंच काठ्यांवर, मागे कोम्पांगवाले, आणि नवरा.

या वरातीचा कट मला सगळ्यात जास्त आवडलाय. आधी नवरी आत खोलीत, माक अंदाम (नवरीला सजवणारी बाई, पुढे काय करायचं तेही तीच सांगते) तिचा साँगकेटचा (जरीच्या विणीचं कापड) पदर सारखा करतेय, आणि खूप लांबून बारीक पाक-पाक सुरू होतं. नवरी मान वर करते. आवाज वाढत जातो, आपण अजून खोलीतच, बाहेरचं काही दाखवलंच नाही, आणि आवाज अगदी दाराशी आला की थेट वाइड, म्हणजे बाहेरचं पूर्ण दृश्य. साधा जे-कट आहे (पुढच्या दृश्याचा आवाज आधी, चित्र नंतर), नवीन काही नाही, पण वरातीची चाहूल घरात आवाजानेच लागते म्हणून तो तिथे शोभतो.

सिंकबद्दल, म्हणजे आवाज आणि चित्र जुळवण्याबद्दल, एक महत्त्वाचं. रेकॉर्डर कोम्पांगवाल्यांच्या पायाशी होता, एक कॅमेरा जवळ, दुसरा गल्लीच्या टोकाला. रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये वेव्हफॉर्मने (आवाजाच्या आलेखाने) सिंक केलं की दोन्ही कॅमेऱ्यांचे आवाज रेकॉर्डरशी बरोबर जुळतात, पण लांबच्या कॅमेऱ्यात हात आधी पडतो आणि ठोका नंतर. कारण सरळ आहे, आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे ३४ मीटरवर दहावा हिस्सा सेकंद, सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर अडीच फ्रेम. त्या कॅमेऱ्याची क्लिप हाताने दोन-तीन फ्रेम सरकवली, हात कातड्यावर टेकतो ती फ्रेम ठोक्यावर आणली, झालं. भाषणात हे कोणाला कळणारही नाही, तालवाद्यात मात्र लगेच खटकतं, त्यामुळे ढोल-ताशा शूट करणाऱ्यांनी हे नक्की लक्षात ठेवा.

कॅमेरा सोनी ए७ फोर, एस-लॉग थ्री (नंतर रंग सुधारायला सोयीचं फिकट रेकॉर्डिंग), आयएसओ ८००. मलेशियात वीज आपल्यासारखीच ५० हर्ट्झ, म्हणून टाइमलाइन २५ फ्रेम आणि शटर १/५०, ट्यूबलाइट आणि एलईडी लुकलुकत नाहीत. आदल्या रात्रीच्या रेवांगमध्ये (शेजारीपाजारी जमून स्वयंपाक करतात तो) याचा खूप फायदा झाला, मोठमोठ्या कढयांवर नुसत्या ट्यूबलाइट होत्या आणि रंदांगच्या (मसालेदार मटणासारखा पदार्थ) वाफेत तो उजेड काय सुरेख पसरलाय! एक माकचिक (मावशी) हसत म्हणाली, “दिक, माकान दुलु”, आधी जेव. जेवलो, मग शूट केलं.

स्लो मोशन फक्त एका ठिकाणी ठेवलाय. बर्सांदिंगला दोघं पलामिनवर (सजवलेल्या आसनावर) राजा-राणीसारखी बसतात, त्या दिवसापुरतं त्यांना राजा सहारी (एका दिवसाचा राजा) म्हणतातच, आणि मोठी माणसं एकेक करून येऊन सुगंधी पाणी शिंपडतात, पिवळे तांदूळ आणि बर्तिह (भाताच्या लाह्या) टाकतात. ते थेंब आणि लाह्या ५० फ्रेमवर घेतल्या. या कॅमेऱ्यात फोर-के ५० ला सुपर ३५ क्रॉप बसतो, म्हणजे सेन्सरचा मधलाच भाग वापरला जातो, ३५ एमएमची लेन्स ५२-५३ सारखी दिसते, म्हणून जवळ सरकायची गरज पडली नाही आणि पाहुण्यांच्या मधेही आलो नाही. बर्सांदिंगआधी अंगणात सिलात पुलुत (मलय युद्धकलेचं प्रदर्शन) झालं, वरवधूच्या मानासाठी सादर करतात ते. तिथे मात्र वेगाला हातही लावायचा नाही असं ठरवलंय, त्या हालचाली मुळातच संथ आणि तोलून मापून असतात, आणखी संथ केल्या तर त्यातला ताबा दिसेनासा होतो.

ग्रेडिंगमध्ये सध्या डोकेदुखी आहे ती रंगांची. अंगणातला मांडव पिवळ्या कापडाचा, दुपारचं ऊन त्यातून गाळून खाली येतं आणि सगळ्यांच्या कातडीवर पिवळी झाक, वर पलामिनला गुलाबी लाइट. पिवळा इथे राजघराण्याचा रंग, साँगकेटमध्येही जरीचं सोनं, त्यामुळे पूर्ण फ्रेममधून पिवळा काढून टाकला तर लग्नच फिकं पडतं. मी क्वालिफायरने (ठरावीक रंगच निवडणारं साधन) कातडी निवडून तेवढाच भाग व्हेक्टरस्कोपच्या (रंग दाखवणारा आलेख) स्किन लाइनवर आणतोय आणि कापड तसंच सोडतोय. साँगकेटच्या जरीला लांबच्या शॉटमध्ये मोआरे (बारीक विणीवर दिसणाऱ्या नको त्या लाटा) पण येतोय, तिथे त्या भागावर अगदी हलका ब्लर, शार्पनिंग बंद.

या आठवड्यात हंतारानच्या (वरवधूकडच्या भेटींच्या) तबकांचा छोटा सिक्वेन्स बसवायचा आहे. दोन्हीकडून विषम संख्येत तबकं जातात, विड्याचं तबक, कुराण, बूट, अत्तर, केक, फार देखणी सजावट असते. तो निकाहच्या आधी ठेवू का बर्सांदिंगच्या आधी, यावर माझं अजून ठरत नाहीये. निकाहच्या आधी ठेवला तर त्याची शांतता जास्त उठून दिसेल असं वाटतं. आणि फ्रेम २.३९ (सिनेमासारखी जास्त रुंद) ठेवावी का १६:९, तुमचं मत सांगा. पलामिनच्या वाइडला २.३९ मस्त दिसतं पण बुंगा मांगारचे झुबके वरून कापले जातात, त्यामुळे माझा कल १६:९ कडे आहे.