तुम्ही विचारलंत म्हणून: घरातली दोन मांजरं अचानक वैरी का होतात

“कालपर्यंत एकमेकींना चाटत होत्या, आज जिवावर उठल्यात. काय झालं हो ताई?” खान्देशात ऊन तापायला लागलं की हा प्रश्न येतोच, आणि पाठोपाठ दुसरा: “यातली एक सोडून देऊ का?” दुसऱ्याचं उत्तर आधी देते. नाही. पोत्यात घालून तापीपल्याड सोडलेल्या घरच्या मांजराला तिथे ना अन्न ठाऊक, ना कुत्र्यांपासून लपायची जागा. आणि नजर लागली, कोणी करणी केली, तिच्यात काही शिरलं, हे मला कृपा करून सांगू नका. कारण बहुतेक वेळा घरात किंवा खिडकीबाहेर सापडतं.

भुसावळचं एक घर सांगते, कारण सगळं त्यात आलं. एका वेताच्या दोन बहिणी, दोघींचं नसबंदीचं ऑपरेशन झालेलं, कित्येक वर्षं एका गोधडीवर झोपणाऱ्या. मे महिना, खिडकीला बाहेरून कूलर लावलेला. कूलरखाली गारवा, टाकीतून झिरपणारं पाणी; घराच्या धाब्यावरून, म्हणजे सपाट छतावरून, उतरलेला गल्लीतला बोका रात्री तिथेच मुक्कामाला. त्याने कूलरच्या गवतावर मुताचा फवारा मारला. कूलर बाहेरची हवा त्याच गवतातून आत ओढतो, म्हणजे बोक्याचा वास रात्रभर घरात. एका रात्री मोठी खिडकीत शेपटी फुगवून, कान मागे पाडून बसली होती. बोक्यापर्यंत पोचता येईना. तेवढ्यात धाकटी काय चाललंय ते बघायला आली, आणि मोठीने सगळा राग तिच्यावर काढला.

इथवर कोणाचाच दोष नाही. घोटाळा पुढे झाला. घरच्या ताई हात घालून सोडवायला गेल्या, तर त्यांच्या मनगटात सुळे रुतले. सकाळी “समेट करू” म्हणून दोघींना मानगुटीला धरून समोरासमोर आणलं. दुसरं भांडण पहिल्यापेक्षा वाईट झालं. धाकटी कपाटाखाली शिरली, तिथेच मुतू लागली. बाहेर दिसली की मोठी धावून जायची. आता दोघींच्या डोक्यात एकमेकींची ओळख म्हणजे ती रात्र.

हे मनापासून सांगते, ऐका: भडकलेलं मांजर काही तास, कधी दोन-तीन दिवसही शांत होत नाही. त्या काळात त्याला उचलायचं नाही, कुरवाळायचं नाही, ओरडायचं नाही, पाणी फेकायचं नाही. मध्ये पाट किंवा पुठ्ठा सरकवा, जाड गोधडी टाका, एकीला वेगळ्या अंधाऱ्या खोलीत जाऊ द्या आणि दार लावा. आत पाणी, खाणं, रेतीचा ट्रे. माणसाला चावा किंवा बोचकारा लागला असेल तर वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लशीचं विचारा. मांजराच्या अंगावरचं सुळ्याचं भोक वरून लगेच मिटतं आणि आत पू साठतो. दोन ते चार दिवसांत गळू येतं. माणसाची पॅरासिटामॉल देऊ नका, त्याने मांजराचा जीव जातो.

मग डॉक्टर. तालुक्याचा दवाखाना गाई-म्हशींच्या कामात बुडालेला, मांजर तपासणाऱ्यासाठी जळगाव-धुळे गाठावं लागतं, हे मला मान्य आहे. तरी जा. दाढ किडलेली, सांधे दुखणारे, बोक्याची लघवी तुंबलेली असेल तर स्पर्श झाला तरी मांजर फाडून खातं, आणि तुंबलेली लघवी तर एका दिवसाचीही वाट बघत नाही. दवाखान्यातून परतलेल्या मांजराला स्पिरिटचा वास असतो. घरातलं दुसरं त्याला परकं समजतं. म्हणून परत आल्यावर अंग चाटून होईपर्यंत त्याला वेगळंच ठेवा.

भुसावळात शेवटी काय केलं? कूलरचं गवत बदललं, टाकी साबणाने धुऊन उन्हात वाळवली. फिनाईल वापरू नका, मांजरांना ते विषारी आहे. स्टँडभोवती तारेची जाळी लावली, खिडकीच्या खालच्या काचांवर कागद चिकटवला आणि त्या बोक्याचं ऑपरेशन करून घेतलं. मग दोघींना बंद दाराच्या दोन बाजूंना जेवण, आधी दारापासून पाच-सहा फुटांवर. दोघी निवांत खातात असं दिसलं की वाटी थोडी पुढे. एकीच्या गालावर पुसलेलं फडकं दुसरीच्या वाटीशेजारी. रोज खोल्यांची अदलाबदल. नंतर जाळीचं दार, त्यावर चादर, चादर रोज थोडी वर. आधी पाचच मिनिटं. एकटक बघणं, शेपटीचं टोक हलणं, खाणं अर्धवट सोडणं दिसलं की चादर खाली आणि एक पायरी मागे. दोन मांजरांना तीन ट्रे, तेही वेगवेगळ्या खोल्यांत. एका ओळीत मांडलेले तीन ट्रे मांजराला एकच वाटतात.

“इतकं कोण करतं?” हे ऐकून मी चिडते. पण दोन खोल्यांच्या घरात सासू-सासरे, मुलं आणि 45 अंशांचा पारा असताना एक खोली मांजराला देणं सोपं नाही, हेही खरं. तेव्हा न्हाणीघर चालेल, जाळी लावलेला व्हरांडा चालेल. दुपारी मात्र तिथे गारवा हवा.

त्या बहिणी आता एका खोलीत बसतात, पण एकमेकींना चाटत नाहीत. याला यश म्हणावं का? ताई म्हणतात, नाही. मी म्हणते, हो, पण ठासून नाही. काही जोड्या आठवडाभरात जुळतात, काहींना महिने लागतात, काही कधीच नाही. तिथे डॉक्टरांनी लिहून दिलेलं फ्लुऑक्सेटिन, म्हणजे भीती-चिडचिड कमी करणारं औषध, कामी येतं, त्याचा गुण दिसायला चार ते सहा आठवडे जातात. तेही पुरलं नाही तर घराचे दोन भाग करायचे, की एकीला ओळखीच्या चांगल्या घरी द्यायचं? वेगळं करणं म्हणजे हार, असं मला वाटायचं. आज कपाटाखाली दिवस काढणारं मांजर बघितलं की ते पटत नाही, आणि बोळवण करायची वेळ आली की पुन्हा पटतं.