मागची बाजू

गुरुवार, रात्र

मी केलेले कोलाजचे पान मावशीने हातात घेतले, चश्मा कपाळावर सरकवून अगदी डोळ्यांजवळ नेले, आईच्या अक्षरांवरून सावकाश बोट फिरवले आणि मग पान उलटे केले. मागे कोरा पांढरा कागद होता. तिने ते पुन्हा सुलटे केले आणि विचारले, “आणि मागचं?” तिच्या आवाजात तक्रार नव्हती. पत्राचा राहिलेला भाग मी दुसरीकडे कुठे तरी जपून ठेवला असेल, अशा खात्रीने तिने विचारले होते. मी म्हटले, “मागचं आत गेलं, मावशी.” ती “बरं” म्हणाली आणि चहा ठेवायला उठली. या गोष्टीला आज चार दिवस झाले. मावशीच्या घरून, कोपरीहून, पूल ओलांडून घरी आले तेव्हापासून ते “बरं” माझ्याबरोबर आहे.

पान सुंदर झाले आहे, हे मी आजही म्हणेन. बारा इंच बाय बारा इंचाचा तीनशे जीएसएमचा, म्हणजे जाड, जलरंगाचा कागद, त्यावर जेसोचे, म्हणजे पांढऱ्या अस्तराचे, दोन हात, मग चहाच्या पाण्यात भिजवून वाळवलेल्या कागदाचे फाडलेले तुकडे, आईच्या जुन्या इरकलीच्या काठाची दोन बोटे रुंदीची पट्टी, तिच्या कडेने घातलेला धावदोरा, आणि मधोमध ते अंतर्देशीय पत्र, तिन्ही घड्या उलगडून. आईने १९८६ साली चिपळूणहून मावशीला लिहिलेले. निळ्या कागदावर निळ्या बॉलपेनचे अक्षर चहाच्या तपकिरी रंगावर इतके खुलून दिसते की पान पूर्ण झाले त्या रात्री मी दोनदा उठून दिवा लावून ते पाहिले होते.

आता तेच पाहवत नाही.

मागच्या बाजूला मजकूर होता, हे मला माहीत होते. अंतर्देशीय पत्राची बाहेरची बाजू म्हणजे एक भाग पत्त्याचा, एक पाठवणाऱ्याच्या नावाचा आणि उरलेल्या भागावर, आतली जागा संपली की, माणसे लिहीत असत. आईनेही लिहिले होते, सात-आठ ओळी तरी असतील. चिकटवण्याआधी मी त्या वाचल्याही होत्या. पण आज आठवायला बसले तर काय आठवते? डाकघराचा शिक्का अर्धा उठला होता, हे आठवते. पिनकोडच्या सहा चौकटी रिकाम्या होत्या, हे आठवते. पिनकोड १९७२ साली आले आणि चौदा वर्षांनंतरही आईने त्या चौकटींना हात लावला नव्हता, याची तेव्हा मला गंमत वाटली होती. घडीवरचा निळा रंग उडून पांढरी रेघ पडली होती, तीही आठवते. त्या ओळींत काय लिहिले होते, ते मात्र आठवत नाही. म्हणजे मी पत्र पाहिले होते, वाचले नव्हते. माझ्या आईचे अक्षर मी पोत म्हणून पाहिले, जसे मी जाळीच्या कापडाकडे किंवा सुकलेल्या पिंपळपानाकडे पाहते.

मूळ कागद चिकटवायचा नाही, त्याची झेरॉक्स चिकटवायची, हे मी स्वतः रविवारी शिकायला येणाऱ्या मुलींना पहिल्या दिवशी सांगते. निदान दोन्ही बाजूंचा फोटो तरी काढून ठेवायचा. त्या दिवशी संध्याकाळी पाऊस कोसळत होता, गोखले रोडवर पाणी साचले होते, खाली उतरून झेरॉक्स काढून आणायचा कंटाळा आला, आणि झेरॉक्सच्या पांढऱ्या कागदाला त्या जुन्या निळ्या कागदाची सर येणार नाही, असेही मनात आले. हे दुसरे कारण खरे होते. मला खरा कागद हवा होता. फोटो का काढला नाही, याला तर काहीच कारण नाही.

या पानावर मी बाकी किती काळजी घेतली होती, ते आठवले की अधिकच लागते. पत्राखाली जी चौकट दिसते, तो हातकागद मी पुण्याच्या शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतून आणलेला आहे. १९४० साली सुरू झालेली ही संस्था सुती कापडाच्या कात्रणांपासून कागद करते, त्यात लाकडाचा लगदा नसतो. वर्तमानपत्राचा कागद दोन उन्हाळ्यांत पिवळा पडून तुटू लागतो तो लाकडातल्या लिग्निन या घटकामुळे. सुती कागदाला ते दुखणे नाही. आईचा रंगीत फोटो इतक्या वर्षांत तांबूस झाला आहे, कारण त्या काळच्या छपाईतला निळसर रंग बंद अल्बममध्येसुद्धा आधी उडत जातो आणि लाल मागे राहतो. म्हणून तो फोटो मी चिकटवला नाही. चार कोपऱ्यांना कागदाचे फोटो-कॉर्नर करून त्यांत अडकवला, म्हणजे उद्या कुणाला हवा झाला तर अलगद काढता येईल. फोटोसाठी मला हे सुचले आणि पत्रासाठी सुचले नाही. फोटो आईचा आणि पत्र मात्र कागद, असे मी कधी ठरवले?

जुन्नरला पूर्वी कागद होत असे. त्या जुन्नरी कागदावरचे पेशवाईतले हिशेब आणि पत्रे पुण्याच्या दप्तरात आजही वाचता येतात. कुणी त्यांची शोभा करायला गेले नाही. रुमालात बांधली, फडताळात ठेवली, एवढेच केले.

मावशीने ती पत्रे मला का दिली, हे मी स्वतःला सारखे सांगते आहे. तिच्याकडे दोन उरली होती. “तुझ्याकडे नीट राहतील, तू कागदाचं करतेस,” असे म्हणाली होती. दादाला ती मिळाली नाहीत. त्याला हवी होती का, हे मी विचारले नाही, आणि तो विषय इथे नको. रविवारी रात्री मी त्याला हे सगळे सांगितले तेव्हा तो म्हणाला, “एक पत्र ते. आणि दिसतंय की अर्धं.” घरातही कुणाला यात विचार करण्यासारखे काही वाटत नाही. चौदा वर्षे मी हे काम करते आहे. कागद भिजवला, मिक्सरमधून लगदा काढला, चाळणीवर कागद उचलला, खिडकीच्या काचेवर पाठ टेकवून वाळवला, एकेका पानासाठी क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रेहमान स्ट्रीटवर दुपारभर हिंडले; आणि घरातले पहिले पत्र विश्वासाने हाती आले ते मी मिटवून टाकले. मला हे कुणी शिकवले नाही, चुकले तर सांगायलाही कुणी नव्हते, असेही या चार दिवसांत मनाशी म्हणून झाले. त्यात तथ्य नाही. बाइंडिंग करणाऱ्या काकांच्या घरात मी लहानाची मोठी झाले, शिकायचे असते तर सगळे समोरच होते.

सोमवारी मी पत्र सोडवता येते का ते पाहिले. वेगळ्या तुकड्यावर, अर्थात; तेवढे भान या वेळी होते. तसाच निळा जुना कागद, तेच बॉलपेन, तेच मॅट मीडियम, म्हणजे चिकटवायचे आणि वरून हात द्यायचे द्रावण. पावसाळ्यात साध्या गोंदाने आणि फेव्हिकॉलने कागदाला लाटा येतात, गेल्या वर्षी दोन पानांना बुरशी धरली, म्हणून यंदा मी अॅक्रिलिकचे मीडियम वापरते. बॉलपेनची शाई पाण्यात पसरत नाही, त्यामुळे पत्रावर वरून मीडियमचा पातळ हात देताना मला भीती वाटली नव्हती. आता तेच आडवे आले. अॅक्रिलिक एकदा वाळले की पाण्याने सुटत नाही. ते मऊ करायला स्पिरिट लागते, आणि स्पिरिट लागले की बॉलपेनची शाई विरघळते. तुकड्यावर कापसाचा बोळा टेकवला तर मीडियम जरासे चिकट झाले आणि त्यावर लिहिलेले माझे नाव जांभळ्या डागात पसरले. मी बोळा टाकून दिला. मैद्याच्या खळीने चिकटवले असते तर ओलसर टीपकागद ठेवून तासाभरात सुटले असते.

मग खिडकीपाशी धरून पाहिले. जेसोमध्ये खडूची भुकटी आणि पांढरा रंग असतो, तो खालचे झाकण्यासाठीच असतो. उजेड आरपार गेला नाही.

काल रात्री मात्र एक गोष्ट झाली. सगळे झोपल्यावर मी दिवा बंद केला आणि मोबाइलचा टॉर्च टेबलाला जवळजवळ टेकवून पानाच्या कडेने आडवा धरला. जुन्या कागदपत्रांवरचे दबलेले ठसे असे तिरप्या उजेडात पाहतात, हे वाचून माहीत होते, करून कधी पाहिले नव्हते. आधी दोऱ्याचे टाके दिसले, प्रत्येकाची लांब सावली पडलेली. मग आईचे अक्षर, ओळीओळीने खोल गेलेले, कारण ती पेन दाबून लिहीत असे. इतके दाबून की आमच्या वह्यांवर तिने नाव घातले तर ते चौथ्या पानापर्यंत उमटायचे. आणि मग पत्राच्या तिसऱ्या भागावर, दोन ओळींच्या मधल्या रिकाम्या जागेत, काही उंचवटे दिसले. अगदी बारीक, सुईच्या टोकाने मागून उचलल्यासारखे, आणि उलटे. मागच्या बाजूला तिने जे दाबून लिहिले होते ते इकडे वर आले होते.

मी चिकटवताना त्यावरून रोलर फिरवला होता, म्हणून बहुतेक सगळे सपाट झाले आहे. पण उजव्या कडेला, जिथे खाली चहाच्या कागदाचा तुकडा संपतो आणि बारीकशी पोकळी राहिली आहे, तिथे रोलर नीट बसला नसावा. कपाटातला हातआरसा आणून त्यात पाहिले. टॉर्च थोडा हलवला की एक काना दिसे आणि दुसरा जाई. मान अवघडली. पाऊण तासाने मला दोन शब्द लागले: “पाठवू नकोस”. त्याच्या आधी एक शब्द आहे, त्याची फक्त वेलांटी राहिली आहे. पुढे काही नाही.

त्या दोन शब्दांनी मला इतका आनंद झाला की मी रडले, आणि रडत असताना हेही कळत होते की हा आनंद मीच बंद केलेल्या दाराच्या फटीतून मिळालेला आहे. अंतर्देशीय पत्रावर हिंदीत छापलेले असते की या पत्राच्या आत काही ठेवू नये. लहानपणी तेवढे हिंदी मला वाचता येत असे, आणि आत आणखी काय ठेवणार, असा प्रश्न पडत असे.

आज सकाळी मावशीला फोन केला. आधी चूक कबूल केली. फोटो काढला नव्हता, झेरॉक्स नाही, ते आता सुटणार नाही, हे सगळे एका दमात सांगितले. ती ऐकत होती. मग सांगितले की दोन शब्द लागले आहेत, आणि कोणते ते सांगितले. पलीकडे थोडा वेळ फक्त लोकलची घोषणा ऐकू येत होती. तिची गॅलरी स्टेशनच्या बाजूला आहे.

“हो,” ती म्हणाली. “लिहायची ती तसं.”

“काय पाठवायचं नाही, मावशी?”

“ते मला माहीत आहे,” ती म्हणाली, रागाने नव्हे, आणि लगेच म्हणाली, “दुसऱ्या पत्राचं काय करणार आहेस?”

मी पुन्हा विचारले नाही. तिला मागची बाजू पाठ होती. रविवारी तिने विचारले तेव्हा तिला फक्त ती पाहायची होती. मी काय गमावले हे मला अजून पूर्ण कळलेले नाही आणि बहुधा कळणारही नाही, पण ते जिचे होते तिच्याकडे आहे. दुपारभर मी एवढ्यावर शांत होते. संध्याकाळी पुन्हा पान काढून पाहिले, आणि पुन्हा तसेच वाटले. उद्याही वाटेल.

दुसरे पत्र अजून पाकिटात आहे. त्याचे दोन्ही बाजूंचे फोटो आज दुपारी खिडकीपाशी काढले, मग राम मारुती रोडवरून झेरॉक्सही काढून आणली, आणि मग जेवणाच्या टेबलावर बसून ते पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचले, मागच्या ओळींसकट. हे पत्र पानावर सपाट बसणार नाही. पातळ हातकागदाच्या दोन पट्ट्या काढल्या आहेत, बोटाच्या पेराएवढ्या. त्यांचा अर्धा भाग पत्राच्या डाव्या कडेला आणि अर्धा पानाला लागेल, म्हणजे पत्र दारासारखे उघडेल आणि मागचे वाचता येईल. पट्ट्या खळीनेच लावायच्या. कृती मावशीने फोनवर सांगितली: मैदा एक भाग, पाणी पाच भाग, मंद आचेवर, हात न थांबवता, चमक येईपर्यंत. मी विचारले की काका त्यात मोरचूद घालत, कसर लागू नये म्हणून, तो किती घालू? ती म्हणाली, “तू नको घालूस, तुझ्याकडे लहान मुली येतात. आणि पातळ कर. जाड खळ कागदाला ओढते.”

खळ गॅसवरून उतरवून झाकून ठेवली आहे. वर साय धरू नये म्हणून मधून मधून ढवळावी लागते आहे. बाहेर पाऊस आहे, त्यामुळे पट्ट्या वाळायला शनिवार उजाडेल. रविवारी कोपरीला जाताना दोन्ही पाने नेईन. पिशवीत टॉर्च आणि आरसाही ठेवला आहे, तिने मागितला तर.