झालरीचा एक धागा

गेल्या ऑक्टोबरमधील एका मंगळवारी, इस्तंबूलच्या ग्रँड बझारमध्ये, माझ्या गटातील एका बाईंनी मला एक साधा प्रश्न विचारला आणि मी त्याला असे उत्तर दिले की ज्यातला एकही शब्द खोटा नव्हता. ते उत्तर अजून माझ्या मनातून जात नाही.

मी मराठी प्रवाशांच्या परदेश सहलींबरोबर जाणारा टूर मॅनेजर आहे. तुर्कस्तानच्या सहलीत या बाजारासाठी अडीच तास राखलेले असतात आणि त्यातला माझा अर्धा जीव माणसे हरवू नयेत यातच गुंतलेला असतो. तुर्की भाषेत या बाजाराला कापाली चार्शी, म्हणजे छप्पर असलेला बाजार, म्हणतात. सुलतान दुसरा मेहमेद याने १४५३ मध्ये शहर जिंकल्यानंतर दोन-तीन वर्षांतच मौल्यवान मालासाठी जी दगडी इमारत बांधायला घेतली, तिच्याभोवती तो वाढत गेला, आणि आज तिथे साठेक गल्ल्या व सुमारे ४,००० दुकाने आहेत. त्या कमानींखाली मोबाइलवरच्या नकाशाचा भरवसा धरता येत नाही, आणि दरवाजे तर वीसच्या आसपास. म्हणून मी बसमध्येच सर्वांकडून दोन नावे पाठ करून घेतो, नूरुओस्मानिये आणि बेयाझित. या दोन दरवाजांना जोडणारी काल्पाकचिलार ही रुंद गल्ली सापडली की माणूस हरवत नाही. तिथे एके काळी टोप्या करणारे बसत. आता दोन्ही बाजूंना सोन्याची दुकाने आहेत आणि आमच्या प्रवाशांचे पाय तिथेच अडतात.

प्रवाशांना जे सांगितले जात नाही ते हे की गालिच्याचे एक दुकान आमच्या कार्यक्रमात आधीच ठरलेले असते. तिथे झालेल्या विक्रीतला काही भाग सहल कंपनीला आणि काही गाईडला मिळतो. तिथल्या धंद्याच्या भाषेत त्याला हानुत म्हणतात. सहलीचा दर खाली ठेवायचा तर हे चालवून घ्यावे लागते, असे आमच्या कार्यालयात सांगतात. प्रवाशांनाही दर कमीच हवा असतो, हे खरे आहे. पण ज्याच्या खिशातून तो कमी झालेला दर शेवटी वसूल होतो, त्याला हे कुणीतरी सांगितले पाहिजे, असे मला वाटते.

त्या दिवशी आम्ही दहाच्या सुमारास तिथे पोचलो. विकणारा तरुण उत्साही होता. तुम्ही आजचे पहिलेच गिऱ्हाईक, त्यामुळे भाव वेगळा लावतो, असे तो म्हणाला. आपण जिला भवानी म्हणतो तिला तिकडे सिफ्ताह म्हणतात आणि जुने दुकानदार ती मनापासून पाळतात. ट्युलिपच्या आकाराच्या छोट्या पेल्यांतून सफरचंदाचा चहा आला, आणि मग दोन पोरे एकामागून एक गालिचे जमिनीवर उलगडू लागली. एक गालिचा त्यांनी दोन्ही टोकांना धरून गर्रकन फिरवला, तसा फिकट निळा रंग एकदम गडद झाला आणि आमच्या ३४ जणांच्या तोंडून एकच ‘अरे वा’ निघाला. लव एका दिशेला झुकलेली असल्यामुळे हे होते, आणि चकाकी आणलेल्या साध्या सुतावरही तेच होते. पण हे सांगायला तिथे कुणी थांबत नाही. हा हेरेकेचा, म्हणजे रेशमी गालिच्यांसाठी नावाजलेल्या गावचा, शुद्ध रेशमी गालिचा आहे आणि एका चौरस सेंटिमीटरमध्ये १०० गाठी आहेत, असे त्या तरुणाने सांगितले.

आमच्या गटात सोलापूरचे एक काका होते. चादरींच्या जेकार्ड मागावर त्यांनी उभा जन्म घालवला होता. त्यांना काही विकत घ्यायचे नव्हते, म्हणून ते मागे उकिडवे बसून गालिच्याची झालर चिमटीत फिरवत होते. झालर ही नंतर शिवलेली शोभा नसते, ती ताण्याचीच, म्हणजे विणीतल्या उभ्या धाग्यांचीच, टोके असतात, त्यामुळे रेशमावर रेशीम विणलेल्या गालिच्याची झालरही रेशमाचीच असायला हवी, हे त्यांनी मला तिथेच हलक्या आवाजात समजावले. मग त्यांनी गालिच्याचा कोपरा उलटला. आपल्या अंगठ्याचे नख किती रुंद आहे हे त्यांना मिलिमीटरपर्यंत ठाऊक होते. ते नख पाठीवर टेकवून त्यांनी गाठी मोजल्या, एकदा आडव्या, एकदा उभ्या. सेंटिमीटरला दहा असायला हव्या होत्या, त्या सहासुद्धा धड भरत नव्हत्या. “साहेब, हे रेशीम न्हाई,” ते म्हणाले. “सूत हाय. चकाकी आणलेलं.”

मला त्या मालाचे नावही ठाऊक होते. फ्लोश. काय्सेरीकडे असे गालिचे विणले जातात, ते दिसायला खरोखर देखणे असतात, आणि सचोटीचा दुकानदार ते त्याच नावाने आणि त्यांच्या रास्त भावाने विकतो.

एवढ्यात नाशिकच्या त्या निवृत्त शिक्षिका माझ्याकडे वळल्या. मुलीच्या नव्या घरासाठी त्यांनी तोच गालिचा पसंत केला होता. भाव ३,८०० डॉलरवरून २,१०० वर आला होता आणि त्यांच्या धाकट्या बहिणीने पर्स उघडली होती. “तुम्ही सांगा,” त्या मला म्हणाल्या, “घेऊ ना?”

“आवडला असेल तर घ्या,” मी म्हणालो. “नक्षी फार सुंदर आहे.”

काका माझ्याकडे बघत होते. ते काही बोलले नाहीत, फक्त गुडघ्यावर हात टेकवून उठले, पुढे गेले आणि म्हणाले, “बाई, जरा थांबा.” त्यांनी खुणेने झालरीचा एक धागा आणि आगकाडी मागितली. धागा काढला तर गालिचा खराब होईल, असे तो तरुण सांगू लागला. तेव्हा आतल्या मेजावर हिशेब लिहीत बसलेले एक वयस्कर गृहस्थ कात्री घेऊन आले आणि त्यांनी स्वतः झालरीचा एक धागा कापून लायटरची ज्योत त्याला लावली. रेशीम जळताना आखडते, टोकाला काळा मणी धरते, केस जळल्याचा वास येतो आणि ज्योत दूर केली की बहुतेक आपोआप विझते. तो धागा भुरकन जळाला आणि टोकाशी लाल निखारा तसाच पुढे सरकत राहिला. वास सर्वांत आधी त्या बाईंनीच ओळखला. “हा तर वात जळाल्यासारखा वास येतोय,” त्या म्हणाल्या.

वयस्कर गृहस्थांनी “फ्लोश” एवढा एकच शब्द उच्चारला, त्या तरुणाकडे एकदा पाहिले आणि खरा भाव सांगितला. तो मघाच्या भावाच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी होता. त्यांनी आमचा मान राखला, हे मी विसरणार नाही. बाईंनी काही घेतले नाही.

संध्याकाळी कार्यालयातून फोन आला. प्रवाशाला दुकानात असे करू कसे दिले, असे मला विचारण्यात आले. त्याचे मला तितके वाईट वाटले नाही. माझ्या वाट्याला येणारी रक्कमही अशी मोठी नव्हती की तिच्यासाठी जीभ आवरावी. गाईडचा चेहरा पडेल, गटाचा विरस होईल, बस सुटायला उशीर होईल, असले काहीतरी त्या क्षणी माझ्या डोक्यात होते, आणि तेवढ्यासाठी मी गप्प राहिलो.

सहल संपताना बाईंनी अभिप्रायाच्या कागदावर लिहिले की आमच्या टूर मॅनेजरनी वेळेवर जाणकार माणूस पुढे पाठवून आमची मोठी फसवणूक टाळली. मीच काकांना पाठवले, असे त्यांना वाटले होते. तो कागद काकांनीही वाचला, कारण ते शेजारीच बसून स्वतःचा भरत होते. ते काही बोलले नाहीत, आणि मीही नाही.

गेल्या आठवड्यात बाईंचा फोन आला होता. त्यांचे व्याही एप्रिलमध्ये तुर्कस्तानला निघाले आहेत आणि गालिचा घ्यायचा म्हणतात. तुमच्याइतका विश्वासाचा माणूस दुसरा नाही, तेव्हा काय बघून घ्यायचे ते सांगा, असे त्या म्हणाल्या. मी झालर कशी चिमटीत फिरवायची, कोपरा उलटून गाठी कशा मोजायच्या, दुकानदाराला फ्लोश हा शब्द स्पष्टपणे कसा विचारायचा, हे सर्व सावकाश सांगितले. त्या लिहून घेत होत्या, मध्येच थांबवून पुन्हा विचारत होत्या. बोलणे बरेच लांबले. काकांनी मला आधी सांगितले होते, हे मात्र त्याही वेळी मी त्यांना सांगितले नाही.