आबा आज केळीत

चार महिन्यांनी आबा घराबाहेर पडले. फुप्फुसाचा आजार, नाकाला ऑक्सिजनची नळी. त्यांना चांगदेव गावी तापी-पूर्णेचा संगम दाखवायचा बेत होता. डॉक्टरांना विचारलं, एक जास्तीचं सिलिंडर घेतलं आणि ऊन चढायच्या आत, सहालाच भुसावळहून निघालो. वाटेत केळीच्या बागा दिसल्या तसा आबांनी हात वर केला, "थांबव." व्हीलचेअर बांधावर अडली. मग मी आणि दादाने खुर्चीसकट उचललं. निसवलेल्या, घड बाहेर पडलेल्या झाडाच्या खोडावरून आबा कितीतरी वेळ हात फिरवत राहिले. घडाच्या फण्या मोजल्या. "पाणी कमी पडतंय रे याला. ठिबक बघायला सांग." एवढं सलग ते कित्येक दिवसांत बोलले नव्हते!

संगम राहिला. परतताना गाडीत त्यांना झोप लागली. बोटांना केळीचा चीक लागलेला. मी पुसला नाही.