फर्निश्ड की रिकामं? नाशिकमध्ये भाड्याचं घर घेताना करायचा हिशेब

घर फर्निश्ड घ्यायचं की रिकामं, हे ठरवायला आधी एक आकडा लागतो: किती महिने राहणार?

समजा एकाच इमारतीत रिकाम्या फ्लॅटचं भाडं १४,००० आहे आणि फर्निश्डचं १८,५००. फरक दरमहा ४,५००. आता सामान स्वतः घेतलं तर पलंग-गादी १८,०००, सिंगल डोअर फ्रिज १६,०००, सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन ११,०००, लोखंडी कपाट ९,००० आणि टेबल-खुर्च्या, पडदे वगैरे ८,०००. एकूण ६२,०००. जाताना विकून २५,००० आले असं धरा. आणण्या-नेण्याचा छोटा हत्ती, हमाली आणि जोडणी मिळून ५,०००. म्हणजे पदरचे गेले ४२,०००. त्याला ४,५०० ने भागा, सव्वानऊ महिने येतात. त्याआधी घर सोडणार असाल तर फर्निश्ड परवडतं. त्यापुढचा प्रत्येक महिना मालकाच्या जुन्या सोफ्याचे हप्ते भरल्यासारखा. आकडे आपापले घाला, रीत हीच. घरी आधीच फ्रिज-मशीन असेल तर हा काळ पाच-सहा महिन्यांवर येतो.

त्यामुळे अंबड-सातपूरच्या कारखान्यात सहा महिन्यांच्या ट्रेनिंगला आलेल्याने फर्निश्ड घ्यावं, यात विचार करण्यासारखं फार नाही. ओझरच्या एचएएलमध्ये (विमान कारखान्यात) किंवा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये कायम नोकरीवर आलेल्या कुटुंबाने मात्र घेऊ नये. विद्यार्थी तिघं-चौघं मिळून घेत असतील तर मुक्कामापेक्षा दुसरीच भानगड होते. फर्निश्ड घराचं डिपॉझिट मोठं असतं, त्यातला एक जण मध्येच सोडून जातो आणि तुटलेल्या खुर्चीचे पैसे कोणी द्यायचे यावर उरलेले भांडतात. करारात सगळ्यांची नावं असावीत.

एसीसाठी जास्त भाडं देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. नाशिकचा खरा जाच एप्रिल-मेचा. तेव्हा हवा कोरडी असते, कूलर व्यवस्थित चालतो. बारा महिने जादा भाडं भरून एसी दोन महिने लावायचा, याला अर्थ नाही. गीझर मात्र हवाच. इथली थंडी तो रोज वापरायला लावते.

फर्निश्ड घर बघायला जायच्या आदल्या दिवशी फ्रिज चालू करून ठेवायला मालकाला सांगा. दारात उभं राहून बटण दाबलेल्या फ्रिजबद्दल काहीच कळत नाही. दाराच्या रबरात नोट अडकवून चारही बाजूंनी ओढून बघा. सहज निघून आली तर रबर गेलं आहे, म्हणजे कॉम्प्रेसर सारखा चालणार आणि बिल तुम्ही भरणार. वॉशिंग मशीनमध्ये पाणी घेऊन छोटी सायकल पूर्ण चालवा. पाणी भरणं जमतं, घोटाळा बहुतेक वेळा ड्रेनला किंवा स्पिनला असतो.

गीझर १५ लिटरचा आणि २००० वॉटचा असेल तर पाणी ३० अंशांनी तापायला साधारण १६ मिनिटं लागतात. त्याच्या दुप्पट वेळ लागला तर वायरिंग किंवा थर्मोस्टॅटमध्ये काहीतरी आहे. तापताना तडतड आवाज आला तर एलिमेंटवर क्षार बसलेत. शहरात गंगापूर धरणाचं पाणी येतं तिथे हा त्रास कमी. बाहेरच्या नव्या वस्त्यांत जिथे इमारत बोअरवर चालते तिथे जास्त. क्षाराखाली एलिमेंट जास्त तापतं आणि एक दिवस जळतं.

लाकडी सामानाची परीक्षा खालून करायची. पलंगाचे पाय आणि कपाटाची तळाची कड बघा. पार्टिकल बोर्ड असेल तर फरशी पुसण्याच्या पाण्याने आणि पावसाळ्यातल्या ओलीने तिथेच फुगलेलं दिसतं, आणि फुगलेल्या बोर्डात स्क्रू पुन्हा धरत नाही. कपाट भिंतीला टेकलेलं असेल तर मागे टॉर्च मारा. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी. गादीच्या शिवणीत आणि पलंगाच्या स्क्रूच्या भोकांत काळे ठिपके म्हणजे ढेकूण. खरं तर मालकाची गादी घेऊच नये. पलंग ठेवा, गादी उचलायला सांगा, स्वतःची आणा. आणण्याआधी पलंगाचं आतलं माप घ्या. ७२, ७५ आणि ७८ इंच लांबीच्या गाद्या मिळतात आणि तीन इंचांची फट रोज रात्री उशी गिळते.

गॅसची शेगडी दिली असेल तर ती सिलिंडरची आहे की पाइपच्या गॅसची, हे विचारा. पाइपच्या गॅससाठी जेट मोठे केलेले असतात. त्याच शेगडीला सिलिंडर लावला तर ज्योत पिवळी, उंच आणि काजळी धरणारी येते, आणि ते धोक्याचं आहे. जेट बदलून घ्यावे लागतात. इन्व्हर्टर असेल तर बॅटरीवरची तारीख आणि पाण्याची पातळी बघा. संपत आलेली बॅटरी तुमच्या काळात बसली की "तुम्ही पाणी घातलं नाही" हे ऐकावं लागतं.

करारात हे सगळं उतरलं पाहिजे. लिव्ह अँड लायसन्सच्या कराराला सामानाची यादी जोडा: वस्तू, कंपनी, माप, सिरीयल नंबर, आणि आजची अवस्था. "सोफा १" असं नको. "तीन सीटचा सोफा, डाव्या हाताचं कापड फाटलेलं" असं हवं. ताबा घेताना व्हिडिओ काढून त्याच दिवशी मालकाला पाठवा. दोन वाक्यं आग्रहाने घालून घ्या. एक, वापराने होणारी नेहमीची झीज डिपॉझिटमधून कापायची नाही. दोन, ठरावीक रकमेपर्यंतची, समजा ५०० रुपयांपर्यंतची, दुरुस्ती भाडेकरूची आणि त्यावरची मालकाची; भाडेकरूची हयगय सिद्ध झाली तरच तीही त्याची. हे दुसरं वाक्य नसेल तर फ्रिजचा कॉम्प्रेसर गेल्यावर महिनाभर दूध फाटत राहतं.

नोंदणी टाळू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असायला हवा, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, जोवर उलट सिद्ध होत नाही. खर्चही फार नाही. मुद्रांक शुल्क पूर्ण मुदतीचं भाडं, अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वार्षिक १० टक्के दराने धरलेलं व्याज, या बेरजेच्या ०.२५ टक्के. वरच्या १८,५०० च्या घराला ५०,००० डिपॉझिट आणि ११ महिने धरले तर ते पाच-सहाशेच्या घरात येतं. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. एजंट याचे चार-पाच हजार सांगत असेल तर फोड मागा.

काही मालक घराचा आणि फर्निचरचा वेगवेगळा करार करतात. जुन्या करपद्धतीत एचआरएची (घरभाडे भत्त्याची) सवलत घेणाऱ्यांनी त्याला नकार द्यावा. सामानाचं भाडं हे घरभाडं धरलं जात नाही.

रिकाम्या घराचे खड्डे वेगळे. अनफर्निश्ड म्हणजे कधी कधी छताला हूक आणि भिंतीत वायर एवढंच असतं. पंखे, दिवे, पडद्यांचे रॉड, गीझर यातलं काय आहे ते फोनवरच नाव घेऊन विचारा. ड्रिल मारायची परवानगी लेखी घ्या. सिडकोतल्या वाढवलेल्या घरांचे जिने अरुंद असतात. दोन दारी कपाट वळणावर अडकतं, तिथे सुटं होणारं फर्निचरच न्या. फ्लॅट असेल तर लिफ्टमधून सामान न्यायला सोसायटीची मनाई आहे का, तेही आधी कळू द्या.

बहुतेकांसाठी मधला रस्ता बरा. ट्रॉल्या, कपाटं, पंखे, गीझर मालकाचे. फ्रिज, मशीन, गादी आपली. भिंतीला ठोकलेलं मालकाचं असावं, चाकावर नेता येईल ते आपलं. फुल फर्निश्ड घर आवडलंच तर नको त्या वस्तू उचलायला सांगून भाडं कमी करून मागता येतं. दुसरीकडे सामान ठेवायला जागा असलेला मालक तयार होतो.

पंचवटी, तपोवन भागात घर घेताना आणखी एक पाहा. २०२७ च्या सिंहस्थात थोड्या दिवसांसाठी फर्निश्ड घरांना मागणी येणार, हे मालकांना ठाऊक आहे. लॉक-इन (ठरलेल्या मुदतीआधी करार मोडायचा नाही ही अट) फक्त तुमच्यावर आहे की दोघांवर, आणि मालकाने घर परत मागायची नोटीस किती दिवसांची, हे सही करण्याआधी वाचा. एकतर्फी असेल तर दुरुस्त करून घ्या, आणि मालक ऐकत नसेल तर सामान न्यावंच लागू नये म्हणून तरी तिथे फर्निश्डच घ्या.