प्रेम कुठे आहे त्यात?

सुट्टीवरचा एखादा हलकाफुलका, प्रेमाचा जुना युरोपियन सिनेमा सुचवा म्हटलं की मी फ्रेंच दिग्दर्शक जाक तातीचा 'मिस्टर हुलोज हॉलिडे' (1953) सांगतो. पाहून झाल्यावर हमखास प्रश्न येतो, "मजा आली हो, पण प्रेम कुठे आहे त्यात?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

तक्रार रास्त आहे. सुट्टीवर आलेला नायक हुलो आणि तिथेच भेटलेली तरुणी मार्तीन प्रेमाचं अवाक्षर काढत नाहीत. हुलो तर मुळात बोलतोच जेमतेम. पण हुलो ज्या हॉटेलात उतरलाय तिथली बाकीची मंडळी बघा. फ्रान्समध्ये भरपगारी रजेचा कायदा झाला 1936 साली, मध्ये महायुद्ध. सुट्टीवर कसं असावं हे अजून अंगवळणी पडायचंय. सिनेमा घडतो त्या सैं-मार्क गावाच्या किनाऱ्यावर सगळे येतात ते घर नि कचेरी बरोबर घेऊनच. व्यापाऱ्याला सारखा फोन येतो. निवृत्त लष्करी अधिकारी साधी सहलही मोहिमेसारखी काढतो. एक पोरगा तर मार्तीनला राजकारण ऐकवून वात आणतो! पोरंटोरं सोडली तर खरोखर सुट्टीवर आलेत ते हे दोघंच.

हे कळतं वेशभूषेच्या नाचाच्या रात्री. मोठी माणसं रेडिओवरच्या भाषणाला कान लावून बसलेली, नाचाची जागा जवळपास रिकामी. चाच्याच्या वेशातला हुलो रेकॉर्ड लावतो आणि मार्तीनबरोबर नाचतो. संपलं. पुढे कबुली नाही, चुंबन नाही. ताती इथेच थांबतो, आणि माझ्या मते बरोबर थांबतो. या दोघांचं लग्न लावून दिलं असतं तर पुढच्या वर्षी तेही फोनची वाट बघत बसले असते.

शिवाय सिनेमात एक मुरलेलं जोडपंही आहे. दिवसभर फेऱ्या मारणारं. बाई पुढे, नवरा चार पावलं मागे. ती कौतुकानं शिंपले वेचून त्याच्या हातात देते, तो गुपचूप भिरकावून देतो. निघायच्या दिवशी हुलोकडे जवळपास सगळे पाठ फिरवतात, तेव्हा हाच नवरा येऊन त्याचा निरोप घेतो.

आणि हो, आवाज बारीक करून पाहू नका. जेवणघराच्या दाराचा तो 'टुंग' अर्ध्या संवादांपेक्षा जास्त बोलतो.