शंभर अर्ज करूनही फोन येत नसेल तर

भरती थंडावली की पहिला फटका नवख्यांना बसतो. कंपन्या आधी नव्या जागा गोठवतात, मग माणसं कमी करतात, आणि कमी झालेली ती अनुभवी माणसं तुमच्याच जागेसाठी रांगेत येऊन उभी राहतात. 'फ्रेशर चालेल' लिहिलेल्या जाहिरातीला दोन-तीन वर्षं अनुभव असलेल्यांचे अर्ज जातात ते यामुळे. अशा वेळी अर्जांची संख्या वाढवत नेणं हा सगळ्यात कमी फळ देणारा उपाय आहे, तरी बहुतेक जण तोच करतात.

त्याआधी एक साधी वही किंवा एक्सेल शीट करा. तारीख, पद, जागा कुठून कळली, रेझ्युमेची कोणती प्रत पाठवली, पुढे काय झालं. तीसेक अर्ज झाले की दुखणं कुठे आहे ते दिसायला लागतं. एकही फोन नसेल तर रेझ्युमे किंवा पदांची निवड चुकते आहे. पहिला फोन येतो आणि तिथेच संपतं, तर स्वतःबद्दल बोलण्यात घोळ आहे. शेवटच्या फेरीपर्यंत पोचत असाल तर फार काही बदलू नका. तिथे स्पर्धा असते आणि थोडं नशीबही.

रेझ्युमे नीट वाचला जातो का, हे दोन मिनिटांत तपासता येतं. पीडीएफ उघडा, सगळा मजकूर सिलेक्ट करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. दोन रकाने, टेबल, टेक्स्ट बॉक्स वापरले असतील तर ओळी एकमेकींत मिसळलेल्या दिसतील. भरतीच्या सॉफ्टवेअरलाही बरेचदा तसंच दिसतं. काहीच पेस्ट झालं नाही, तर ती फाइल म्हणजे नुसता फोटो आहे. फोन नंबर हेडरमध्ये टाकू नका, काही सॉफ्टवेअर तो भाग वाचतच नाहीत. एक पान पुरे.

खरी मेहनत ओळींवर घ्यायची. 'डेटा एन्ट्रीचे काम केले' या ओळीतून काहीच कळत नाही. तेच असं लिहा: 'गोदामातील १२०० वस्तूंची यादी एक्सेलमध्ये केली, दुबार नोंदी काढल्या; साप्ताहिक साठा अहवालाला दोन तास लागत, ते वीस मिनिटांवर आले.' आकडा मात्र खरा हवा. मुलाखत घेणारा हमखास त्याच आकड्यावर बोट ठेवतो आणि 'वेळ कसा मोजला?' म्हणून विचारतो.

दाखवायला कामच नसेल तर एकाच पदाच्या पंधरा-वीस जाहिराती समोर ठेवा आणि पुन्हा पुन्हा येणाऱ्या अपेक्षा खुणा करून वेगळ्या काढा. निम्म्याहून अधिक जाहिरातींत जे आहे ते शिका आणि त्यातलं एक छोटं काम पूर्ण करून दाखवा. सर्टिफिकेटांची चळत कोणी बघत नाही. पूर्ण झालेलं एक काम उघडून बघितलं जातं.

आता ओळखींबद्दल. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्येच मांडलं होतं की नोकरीची नवी खबर जवळच्या मित्रांपेक्षा लांबच्या ओळखीतून जास्त येते. जवळच्यांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतंच. म्हणून मागच्या बॅचचे विद्यार्थी, जुने शिक्षक, इंटर्नशिपमधले वरिष्ठ यांना लिहा. फक्त 'काही जागा असेल तर सांगा' असं लिहू नका. समोरच्याच्या हातात जागा नसते, तो 'हो, बघतो' म्हणतो आणि विषय मिटतो. त्याऐवजी त्याला देता येईल असं काही मागा:

'नमस्कार सर, मी लेखा विभागात पहिली नोकरी शोधते आहे. नवीन माणसाकडून पहिल्या तीन महिन्यांत काय अपेक्षा असते, हे तुमच्याकडून समजून घ्यायचं होतं. या किंवा पुढच्या आठवड्यात तुमच्या सोयीने पंधरा मिनिटं फोनवर बोलता येईल का?'

उत्तर आलं नाही तर आठवड्याने एकदा आठवण करून द्या, मग सोडून द्या. बोलणं झालंच, तर शेवटी 'आणखी कोणाशी बोलू?' हे विचारायला विसरू नका.

मिळेल ती नोकरी घ्यावी का? मंदीत पदवी घेतलेल्या कॅनडातल्या तरुणांवर २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुरुवातीची कमाई साधारण ९ टक्के कमी दिसली. पाच वर्षांत ही तूट निम्म्यावर आली आणि दहा वर्षांत जवळपास भरून निघाली. त्यात चांगल्या कंपन्यांत नोकरी बदलत गेल्याचा मोठा हात होता. तेव्हा कमी पगाराला इतकं घाबरू नका. दीड वर्षाने या नोकरीबद्दल रेझ्युमेत काय लिहिता येईल, ते बघा. काहीच सुचत नसेल आणि घरखर्चाची निकड नसेल तर नकार द्यायला हरकत नाही. निकड असेल तर घ्या आणि शोध चालू ठेवा.

नोकरीसाठी 'रजिस्ट्रेशन' किंवा 'ट्रेनिंग डिपॉझिट' मागणाऱ्याशी तिथेच बोलणं थांबवा. तोंडी होकारावर बाकीचे अर्ज बंद करू नका. अशा काळात ऑफर पुढे ढकलल्या जातात, रद्दही होतात. आणि शेवटच्या फेरीनंतर नकार आला तर आभाराचं दोन ओळींचं उत्तर पाठवा, पुढे जागा निघाली तर विचार करा असंही त्यात लिहा. निवडलेला उमेदवार ऐनवेळी रुजू होत नाही, असं घडतं. मग एचआर आधी यादीतल्या दुसऱ्या नावाला फोन लावतं.